लाल झेंडीमागचं हाँगकाँग

आमच्या घरी टीव्हीपुढे लाल झेंडी आडवी धरायची पद्धत होती, हे सांगितलं की लोकांना मी थट्टा करतेय असं वाटतं. पण बाबा मालगाडीचे गार्ड, ड्यूटीच्या बॅगेत लाल आणि हिरवी झेंडी कायमची, आणि हाँगकाँगच्या गुंडांच्या सिनेमात कुठली बाई कधी आंघोळीला निघेल याचा काही नेम नसायचा. ती निघाली रे निघाली की बाबा खुर्चीतून उठायचे, खाकरायचे, आणि पडद्यासमोर लाल झेंडी पसरून स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. भिंतीकडे बघत असल्यामुळे झेंडी कधी काढायची हे मात्र त्यांना कळायचं नाही. मी आणि धाकटा मिलिंद, आम्ही दोघं अगदी शहाण्यासारखे पंख्याकडे बघत बसायचो. शेवटी आईच कडेने डोकावायची आणि म्हणायची, "काढा आता, कापाकापी सुरू झाली." कापाकापीला आमच्या घरात कुणाचीच हरकत नव्हती.

आम्ही मूळचे कुर्डुवाडीचे. बाबांना बढतीवर जयपूर मिळालं आणि आम्ही बिऱ्हाड उचलून तिथल्या रेल्वे कॉलनीत आलो. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात कडुनिंब आणि त्या कडुनिंबावर मोर. पहिल्या दिवशी मोर बघून मिलिंद नाचला होता. आठवड्याभरात तोच कानांवर उशी दाबून झोपायला लागला, कारण मोर दिसतो देखणा पण ओरडतो असा की शेजारी कुणाचं तरी काहीतरी झालं असावं असं वाटतं. त्यात यार्डातल्या इंजिनांच्या शिट्ट्या, डबे एकमेकांवर आदळल्याचे आवाज आणि आमच्या कूलरची घरघर. माझ्या आणि मिलिंदच्या हे सगळं फार लवकर अंगवळणी पडलं. शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी. आम्ही भांडायचोसुद्धा हिंदीत. बाबांचं तर सोपं होतं, गार्डाला डब्यात बोलायला माणूसच नसतो.

रखडली ती आई. कुर्डुवाडीत ती बोलायला लागली की निम्मी चाळ दारात यायची. इथे आल्या आल्या तिने नळावर बायकांना विचारलं, "पाणी कब आयेंगा?" आणि बायका हसल्या. फार वाईट हसल्या असंही नाही, पण एकीने ते "आयेंगा" पुन्हा म्हणून दाखवलं. झालं. आईने हिंदीला कुलूपच घातलं. भाजीवाला आला की ती बोट दाखवायची आणि भाव मी विचारायचा. डॉक्टरकडे तिची पाठ कशी दुखते ते मी सांगायचं, आणि ती मागून मराठीत सुधारायची की तशी नाही, अशी दुखते. शेजारच्या कमला भाभी सीकरकडच्या, गेटमनची बायको, धिप्पाड आणि फटकळ. त्या एकदा हळदीकुंकवासारखं काहीतरी बोलावणं घेऊन आल्या. आईने चहा केला, तर "अभी पीकर आई हूँ" म्हणून त्यांनी कप तसाच ठेवला. आमच्या बाहेरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती होती, ती त्यांनी येताच पाहिली होती. तो कप आईने बराच वेळ तिथेच राहू दिला आणि मग मोरीत ओतला.

मग एके दिवशी भाकरी थापता थापता तिने जाहीर केलं की परीक्षा झाल्या की ती आम्हा दोघांना घेऊन कुर्डुवाडीला जाणार, कायमची. मामाच्या गल्लीत खोली बघायची, आम्हाला तिथल्या शाळेत घालायचं, आणि बाबांनी सुट्टी मिळेल तसं यायचं. रेल्वेत अशी दोन ठिकाणी फाटलेली घरं काही कमी नव्हती. बाबांनी मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्यांनाही ठाऊक नसावं. एकटे असले की ते जेवायचं विसरतात, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मला जयपूर आवडायला लागलं होतं, आणि बाबा तर मला सगळ्यात जास्त आवडायचे. पण बाबांचा स्वभाव भांडायचा नव्हता. ते गेले आणि जुना व्हीसीडी प्लेअर घेऊन आले.

तो प्लेअर ज्यांच्याकडून घेतला ते गृहस्थ जौहरी बाजारातल्या खड्यांच्या एका पेढीत नोकरीला होते. जयपूरच्या खड्यांचा निम्मा धंदा हाँगकाँगशी. पेढीने त्यांना तिकडे वर्षानुवर्षं ठेवलं होतं आणि आता परत आल्यावर ते तिकडचं सामान काढून टाकत होते. प्लेअरसोबत त्यांनी एक खोकं भरून डिस्क फुकट दिल्या. "बच्चे देख लेंगे, मारधाड़ है," म्हणाले. बाबांना वाटलं जॅकपॉट लागला. घरी येऊन उघडलं तर सगळ्या चिनी. वर चिनी अक्षरं, आत चिनी बोलणं, आणि पडद्याच्या तळाशी इंग्रजीत लिहून यायचं तेही आमच्या टीव्हीत मावायचं नाही. अक्षरांची नुसती डोकी दिसायची. ती भाषा कँटनीज, हे मला फार पुढे कळलं. आमच्या घरी तिला हाँगकाँगी म्हणायचे.

पहिला सिनेमा लावला तो रविवारी दुपारी. बाहेर तापलेल्या वाऱ्याची लू चाललेली, दारंखिडक्या बंद, कूलर पुढ्यात आणि आई कूलरसमोर पाय पसरून शेंगा सोलत बसलेली, पडद्याकडे पाठ करून. एक जाडा म्होरक्या, त्याचे चार-पाच चेले, सगळ्यांचे चट्टेरीपट्टेरी नायलॉनचे शर्ट, बटणं पोटापर्यंत उघडी. कुणीतरी कुणाला तरी फसवत होतं एवढं कळत होतं. बाबा आम्हाला अंदाजाने गोष्ट सांगत होते आणि त्यांचा प्रत्येक अंदाज चुकत होता. ज्याला त्यांनी पोलीस ठरवलं त्याने पोलिसालाच भोसकलं. आई मधून मधून मान वळवायची. मग ती पुरतीच वळली. थोड्या वेळाने शेंगेचं टरफल पडद्याच्या दिशेने नाचवत ती म्हणाली, "तो चष्मेवाला फितूर हाय." बाबा म्हणाले, अगं तो तर म्होरक्याचा उजवा हात, जीव ओवाळून टाकतोय. आई म्हणाली, "म्हणूनच. सगळे हसले की तो उशिरा हसतोय." शेवटच्या मारामारीत चष्मेवाल्याने म्होरक्याला मासळीबाजारात धाडलं आणि तिथे दबा धरून बसलेल्यांनी त्याचे तुकडे केले. मिलिंदने आईकडे जसं बघितलं ते मी अजून विसरले नाही.

आता मला कळतं की ती काही जादू नव्हती. भाषा बंद झाल्यावर आई इतके दिवस काय करत होती? माणसं बघत होती. नळावर, भाजीच्या गाडीपाशी, दारात. कोण कुणाकडे बघून हसतं, कोण पदर कसा सावरतं, कोण खोटं बोलताना कुठे बघतं. आम्ही तिघं शब्दांच्या मागे धावत होतो आणि शब्द काही हाती लागत नव्हते. तिने शब्दांचा नादच सोडला होता. हाँगकाँगी सिनेमापुढे आमच्या घरात ती एकटी सुशिक्षित होती.

आणि काय सिनेमे होते ते. मी पुढे खूप चांगले, मोठमोठ्या बक्षिसांचे सिनेमे पाहिले, जे संपल्यावर गंभीर चेहरा करून बाहेर यावं लागतं. या सिनेमांना कसलाही आव नव्हता. नाव दाखवून होत नाही तोवर पहिला मुडदा पडायचा. बंदूक परवडत नसावी, म्हणून सगळे खाटकाचे सुरे घेऊन धावायचे, तेही वर्तमानपत्रात गुंडाळलेले. रक्त सरबतासारखं लालभडक. तेच गोदाम, तोच जिना, तोच टकलू. या सिनेमात मेला की पुढच्यात नवा शर्ट घालून हजर, आणि आम्ही त्याला बघून टाळ्या वाजवायचो. मारामारी थांबली की सगळे बसून खायचे. वाफाळलेल्या शेवयांचे वाडगे तोंडाला लावून सुर्र करून ओढायचे, आणि आई हटकून म्हणायची, खाऊन तरी घेतात बिचारे. आणि प्रत्येक टोळीच्या अड्ड्यात एक कोनाडा, त्यात लाल तोंडाचा दाढीवाला देव, त्याच्यापुढे हे मवाली मूठभर अगरबत्त्या लावून वाकणार आणि मग कापाकापीला निघणार. आईला ते भारी लागलं. "पंचशीलातलं एक पाळत न्हाईत, अगरबत्ती मात्र चुकत न्हाई," ती म्हणायची. पण एका सिनेमात पळता पळता गुंड देवळात शिरला आणि तिथे भलीमोठी बुद्धमूर्ती दिसली. आईने शेंगांचं सूप बाजूला ठेवून हात जोडले आणि आम्हालाही नीट मांडी घालून बसायला लावलं. गुंड मूर्तीमागे लपून सुरे फेकत होता, आणि आम्ही हात जोडून बघत होतो.

कमला भाभी आल्या त्या मोरांमुळे. त्या दुपारी कसं कोण जाणे एका टोळीकडे बंदुका होत्या, मिलिंदने आवाज पिळून ठेवलेला, आणि गोळीबाराबरोबर कडुनिंबावरचे सगळे मोर एकदम बोंबलायला लागले. भाभींना वाटलं आमच्याकडे काहीतरी विपरीत घडलं. दार ढकलून त्या आत आल्या तेव्हा पडद्यावर एक माणूस खिडकीला लोंबकळत होता आणि दुसरा त्याच्या बोटांवर बूट ठेवून उभा होता. भाभी दारातच थबकल्या. "गिरेगा क्या?" त्यांनी विचारलं. मग आई पडद्यावरची नजर न काढता, हळूच म्हणाली, "नहीं गिरेंगा. वो उसका भाई है." भाभी खाली बसल्या. आईने त्यांच्या हातात चहाचा कप दिला, आणि त्या बूटवाल्याकडे बघत त्यांनी तो पिऊन टाकला. वर पुन्हा कप पुढे केला. मी आईकडे पाहिलं. ती सिनेमा बघत होती, निदान तसं दाखवत तरी होती.

पुढच्या रविवारी भाभी मिरचीवडे घेऊन आल्या आणि सोबत आणखी दोघी. त्याच्या पुढच्या वेळी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मजा अशी की नळावर आईला हिंदी येत नव्हती आणि बाकीच्यांना येत होती. इथे कुणालाच काही येत नव्हतं आणि आईला सगळं कळत होतं. "ये कौन? ये रो क्यों रही है?" असे प्रश्न चहूकडून यायचे, आणि उत्तर द्यायचं तर हिंदीतच द्यायला लागायचं. माझी दुभाष्याची नोकरी अशी बसल्या जागी गेली. भाभी आणि आईची तर कडाक्याची भांडणं व्हायची, एक मारवाडीत आणि दुसरी सोलापुरीत, की फितूर हा की तो. आईची शेंगाचटणी कॉलनीभर गेली. बाबांची लाल झेंडी बायकांना इतकी आवडली की झेंडी वर गेली की त्या पदरात तोंड खुपसून हसायच्या आणि बाबा भिंतीकडे बघत कानापर्यंत लाल व्हायचे.

पण कुर्डुवाडीचं रिझर्वेशन झालेलं होतं. आई त्याबद्दल बोलत नव्हती आणि आम्ही विचारत नव्हतो. परीक्षा संपल्या. माळ्यावरची ट्रंक खाली आली, तिच्यात स्वेटर गेले, पितळेचे डबे गेले. मला वाटायचं ती आता म्हणेल, आता म्हणेल. पण ती एकदा बोललेलं मागे घेणारी नव्हती आणि बाबा मागणारे नव्हते. दोघांच्या मध्ये माझा जीव टांगणीला लागलेला.

निघायच्या आधीचा रविवार. बाबा ड्यूटीवर, दुपारनंतर येणार. खोक्याच्या तळाला एकच न पाहिलेला सिनेमा उरला होता. पिवळ्या शर्टाचा एक भुरटा गुंड, आणि त्याची बायको बाजारात शेवयांची गाडी चालवणारी. तो सारखा शपथ घेणार की आता हे सोडतो, आणि कुणीतरी हाक मारली की सुरा घेऊन जाणार. शेवटी ती बॅग भरते आणि धक्क्यावर येऊन उभी राहते. बोट लागलेली, भोंगा वाजतो, ती फळीवर एक पाय ठेवते, आणि डिस्क संपली. मिलिंदने त्याच पाकिटातली दुसरी डिस्क घातली तर तिच्यातून एक सुटातला माणूस समुद्रकिनारी गाणी म्हणायला लागला. काढून घातली, पुसून घातली, तोच माणूस. दुसरा भाग खोक्यात नव्हताच.

खोलीत हाहाकार झाला. एवढं बघून आता सोडायचं? सगळ्या आईकडे वळल्या, जणू तिनेच डिस्क लपवली होती. कमला भाभींनी विचारलं, "बाई, गई के वो?"

आईने हात पुसले आणि ती उठून टीव्हीपुढे उभी राहिली. तिच्याकडे बघून मला का कोण जाणे, रडू यायला लागलं. ती म्हणाली, नहीं गई. मग तिने सांगायला सुरुवात केली. कशी त्या बाईने फळीवरचा पाय मागे घेतला, बोट तिच्यावाचून सुटली, आणि ती बॅग ओढत बाजाराच्या त्याच गल्लीतून परत आली. तिला वाटलं होतं गाडी थंड पडली असेल, कुणी पळवलीसुद्धा असेल. बघते तर चूल पेटलेली. शेजारच्या मासळीवालीने निखारे घातले होते, पलीकडच्या भाजीवालीने पाणी उकळत ठेवलं होतं, आणि गिऱ्हाइकं वाडगे घेऊन बसली होती. "अब वो कैसे जायेंगा?" आई म्हणाली. "उसका चूल्हा किसी ने बुझने नहीं दिया." कुणी हसलं नाही. मग टोळीवाले सुरे घेऊन आले, तेव्हा मात्र आईने अशी धमाल उडवली की बास. बाजारातल्या सगळ्या बायका झारे, उलथनी आणि तराजू घेऊन धावल्या, टकलूच्या डोक्यात उकळत्या शेवयांचं पातेलं पडलं, चष्मेवाला मासळीच्या टोपलीत बसला. आई एकटीच सगळी टोळी झाली आणि सगळा बाजारही. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. सगळं संपल्यावर पिवळ्या शर्टाचा नवरा आला, नेहमीप्रमाणे उशिरा, आणि तिने त्याला सगळ्यांच्या शेवटी वाढलं.

हसू ओसरलं. ट्रंक खोलीतच होती, दोरीने बांधलेली. भाभी तिच्यावर टेकूनच बसल्या होत्या. त्यांनी ट्रंकेवर थाप मारली आणि त्यांच्या बोलीत सरळ विचारलं, "पछै थे क्यूं जाओ हो?" मग तुम्ही का जाताय?

आईने सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे बघत बसले. तेव्हा तिनेच उत्तर दिलं. म्हणाली, "घूमने जाते है. बच्चों की छुट्टी है ना. शाळा खुलने के पहले आयेंगे."

दारात बाबा उभे होते. ड्यूटीची बॅग खांद्यावरच, पांढरा गणवेश घामाने भिजलेला. कधी आले आणि किती ऐकलं, देव जाणे. ते सरळ स्वयंपाकघरात गेले आणि सगळ्या खोलीला पुरेल एवढा चहा टाकला. साखर घालायला विसरले. सगळ्यांनी तो तसाच प्यायला.

बाबा निवृत्त झाल्यावर कुर्डुवाडीला जायचं म्हणत होते. आईने साफ नकार दिला. आता ती दोघं जयपूरबाहेर, कानोत्याच्या अलीकडे राहतात, आग्रा रोडपासून थोडं आत, आणि प्लॉट घेताना आईची अट होती की शेजारचा प्लॉट कमला भाभींनी घ्यावा. तो त्यांनी घेतला. मी लांब आहे, फोनवर असते. परवाच मला तो पिवळ्या शर्टाचा सिनेमा इंटरनेटवर सापडला, खालची इंग्रजी अक्षरं पायापर्यंत दिसणारी. मी एका दमात पाहिला. आईचे बरेच अंदाज कोसळले. जिला ती सासू समजली होती ती घरमालकीण निघाली. आणि शेवटी ती बाई बोटीत बसते. मागे वळूनही बघत नाही. नवरा मासळीबाजारात मरतो, त्याची कुणाला खबरही नसते. सांगावं की नाही असा थोडा विचार केला, आणि मग आईला फोन लावलाच. तिने सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याशी न बोलता बाजूला तोंड करून ओरडली, "कमला, वो हाँगकाँगवाली शेवईवाली याद है क्या? सुजाता बोलती है, वो बोट में बैठ के चली गई."

लांबून भाभींचा आवाज आला, म्हातारा झालेला पण तसाच फटकळ. "झूठी बात. वापस आई थी. हम सबने अपनी आँखों से देखी थी."